सासर घेऊन माहेराला

मुक्ताबाईचं माहेर आंदर मावळात, कातळवाडीला. लोणावळ्याहून फार तर दहाबारा कोस. बैलगाडीनं पहाटे निघालं तर दिवेलागणीला पोहोचावं. तरी अठरा वर्षं ती माहेरी गेली नव्हती, आणि कारण इतकं साधं की सांगताना कुणालाही लाज वाटावी. मागं घर कुणी बघायचं?

हा प्रश्न तिच्या सासूचा. दर वर्षी मार्गशीर्षात, भात झोडून झालं की मुक्ताबाईचा थोरला भाऊ कोंडाजी गाडी घेऊन तिला न्यायला यायचा. सासुरवाशिणीला न्यायला असा जो माहेरचा माणूस येतो त्याला मुराळी म्हणतात, आणि मुराळ्याशिवाय माहेरी आलेल्या बाईकडं गाव पळून आल्यासारखं बघतं. कोंडाजी सात वर्षं आला. सात वर्षं त्यानं ओसरीवर बसून गूळपाणी घेतलं, सात वर्षं सासूनं तोच प्रश्न विचारला, आणि सातही वर्षं तो रिकामी गाडी घेऊन परत गेला. मुक्ताबाई आत चुलीपुढं बसून बैलांच्या घुंगरांचा आवाज लांब लांब जाताना ऐकायची. आठव्या वर्षी तो आला नाही. त्यानंतरही आला नाही. त्याला कुणी काय म्हणावं?

मग गेल्या साली सासू गेली. मुलीचं लग्न त्याआधीच झालं होतं. आता वाट मोकळी झाली असं मुक्ताबाईला वाटलं, पण घरात एक महिपती उरला होता. तिचा हा नवरा मुंबईच्या एका शेठजींच्या लोणावळ्यातल्या बंगल्यावर मोटार हाकायचा. नुसत्या आवाजावरून इंजिनाचं दुखणं ओळखणारा माणूस, पण घरात मीठ कुठल्या डब्यात असतं हे त्याला सेहेचाळीस वर्षांत कळलं नव्हतं. त्याला एकटा सोडून जायचं म्हणजे तान्हं पोर सोडून जाण्यातला प्रकार.

त्या शेठजींना एकदा हौस आली होती. त्यांनी लॉरीच्या सांगाड्यावर एक अख्खी खोली बांधून घेतली. आत पलंग, कपाट, जाळीची खिडकी, मागच्या बाजूला दार आणि दाराला तीन पायऱ्या. डोंगरदऱ्या बघत हिंडायचं आणि संध्याकाळ होईल तिथं मुक्काम ठोकायचा, असा बेत. पहिल्याच सहलीत खंडाळ्याच्या वळणावर कपाट शेठजींच्या अंगावर आलं, आणि त्यानंतर ती घरमोटार बंगल्यामागं उभी राहून फक्त कोंबड्यांच्या उपयोगी पडली. शेवटी शेठाणीबाईंनी महिपतीला सांगितलं, ही पीडा माझ्या डोळ्यांपुढून घेऊन जा.

"घर सोडून जाता येत न्हाई, एवढंच ना?" महिपती एका सकाळी बायकोला म्हणाला. "मंग घरच नेऊ."

जगातला बहुतेक वेडेपणा असल्या बिनतोड बोलण्यातूनच निघतो. मुक्ताबाईनं दोन दिवस उलटसुलट विचार केला, तिला त्यात खोट सापडेना. मग तिनं कोंबड्या हाकलल्या, खोली शेणानं सारवली, ड्रायव्हरच्या पाठीमागच्या कोपऱ्यात पत्र्यावर मातीची चूल घातली. पाटा-वरवंटा घेतला. जातं घेतलं, तेव्हा टायर जरा बसले. देवघरातले देवांचे आणि गेलेल्या माणसांचे टाक घेतले, त्यात सासूचा नवा चांदीचा टाक होता. तिला एकटीला मागं ठेवणं बरं दिसलं नसतं.

अशी ती दोघं निघाली. अठरा वर्षांनी घराबाहेर पडलेली बाई घरात बसून.

वलवणच्या पुढं महिपतीनं तिला डोंगरांची माहिती द्यायला सुरुवात केली. शेठजींकडं एकदा एक दाढीवाला साहेब उतरला होता, तो हातोडी घेऊन दगड फोडत हिंडायचा आणि महिपती त्याची मोटार हाकायचा. तेव्हापासून महिपतीला जमिनीच्या पोटातलं सगळं कळत असे.

"ह्यो लोहगड, ह्यो विसापूर," तो पुढून ओरडला, "ह्यो समदा एकेकाळी उकळता रस हुता. भुईतनं वर आला, सांडला, थिजला. पुन्ना आला, पुन्ना सांडला. थरावर थर."

मुक्ताबाईनं खिडकीतून पाहिलं. डोंगरांच्या अंगावर आडव्या रेघा होत्याच, एकावर एक घावन रचल्यासारख्या. इतकी वर्षं तिनं या बाजूला नजर टाकली होती ती फक्त पाऊस येतोय का हे बघायला. तिला फार बरं वाटलं.

"म्हंजी चुलीवर ठिवून कुणीतरी इसरलं," ती म्हणाली.

"कोण इसरनार?"

"बाप्याच आसंल. बाई इसरली आसती तर आजून बोलणी खात बसली आसती."

कार्ल्यापाशी तिनं दूध तापत ठेवलं, ते कामशेतला उतू गेलं. कान्ह्याला मोटार मोठ्या सडकेवरून डावीकडं वळली आणि मग रस्ता म्हणण्यासारखं काही उरलं नाही. इंद्रायणी पाण्यातून ओलांडली. एका गावात लोकांनी ही पांढरी खोली येताना पाहिली आणि देवी टोचणारे आले म्हणून पोरं पेंढ्याच्या गंजीत लपवली. पुढच्या गावात उलट झालं. तिथल्या लोकांनी मोटार अडवून तमाशा किती वाजता उभा राहणार ते विचारलं, आणि आत नाची कोण म्हणून खिडकीतून पाहिलं, तर मुक्ताबाई भाकरी थापत होती. गाव हिरमुसलं. महिपतीनं त्यांची माफी मागितली, का ते त्यालाही सांगता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरमोटार कातळवाडीत शिरली आणि कोंडाजीच्या दारासमोर, अंगणाच्या कडेला, कातळावर जाऊन उभी राहिली. दारासमोर दार. मधे अकरा पावलं.

मुक्ताबाईच्या मनात एकच गोष्ट होती, आणि ती फार मोठी नव्हती. माहेरच्या घरात पाटावर बसायचं आणि दुसऱ्या कुणीतरी रांधलेलं ताट पुढं यायचं. बस. अठरा वर्षांत तिनं स्वतः न रांधलेला घास खाल्ला नव्हता. लेकीच्या लग्नातसुद्धा ती शेवटी जेवली होती, स्वतः वाढून घेऊन.

कोंडाजी बाहेर आला. केस पिकले होते. त्यानं बहिणीकडं पाहिलं, मोटारीकडं पाहिलं, चाकांकडं जरा जास्त वेळ पाहिलं. "आलीस?" म्हणाला. त्याची बायको धोंडाबाई पाण्याचा तांब्या घेऊन आली, तिनं मुक्ताबाईचे हात धरले, तिचे डोळे भरले. मग तिची नजर दारातून आत गेली, पेटलेल्या चुलीवर पडली, आणि ती गोंधळून परत फिरली.

जेवायची वेळ झाली. समोरच्या घरातून धूर निघत होता, मोटारीतूनही निघत होता. कुणी बोलवायला आलं नाही. शेवटी धोंडाबाई आली, हातात एक वाटी आणि एक गोवरी. वाटीत विरजण होतं, गोवरीवर निखारा.

"काय लागलं सवरलं तर हाक मारा, वन्सं," असं म्हणून ती खाली मान घालून निघून गेली.

मुक्ताबाई त्या वाटीकडं बघत राहिली. विरजण आणि विस्तव शेजारणीला देतात. शेजारी नवं बिऱ्हाड आलं की देतात. ती पायऱ्या उतरून तरातरा पारावर गेली, तिथं गावचे जाणते रखमाजी आबा बसले होते, आणि तिनं त्यांना सरळच विचारलं.

"आबा, मी माहेराला आली का न्हाई?"

आबा हाच विचार सकाळपासून करत होते. ते काठी टेकत तिच्याबरोबर मोटारीपर्यंत आले, आत डोकावले.

"माहेरवाशीण म्हंजी कोण? सासर सोडून येती ती. तू सोडलंस का?"

"न्हाई. संगं आणलंय."

"तितंच घोळ झालाय बग. तुजी चूल हितं. तुजं देव हितं. तुजी सासू हितं." आबांनी टाकाकडं बघून हात जोडले. "म्हंजी तू सासरीच बसलीयास. तुला जेवाया बोलावणं म्हंजी दुसऱ्याच्या घरची बाई चुलीवरनं उठवून नेणं. कातळवाडीत आसं कुणी केल्यालं न्हाई."

"मंग माजं माहेर कुटाय?"

"ते काय, समूर." आबांनी काठीनं अकरा पावलांवरचं घर दाखवलं.

"मी चालत जाती."

"मुराळ्याबिगर? पळून आल्यावानी?"

"मंग दादाला मुराळी धाडा!"

आबांनी खेदानं मान हलवली. "गावातल्या गावात मुराळी जात न्हाई, पोरी. शीव वलांडावी लागती."

एव्हाना निम्मं गाव जमलं होतं. कुणालाच त्यात हसण्यासारखं काही दिसत नव्हतं. उपाय उघड होता. सासर शिवेच्या बाहेर न्यायचं, तिथून बाईला रीतीनं आणायची. महिपतीनं हँडल मारलं. मोटार चालू होईना. इंद्रायणीचं पाणी कुठंतरी नको तिथं शिरलं होतं. महिपतीनं कान लावला, नाडी बघितल्यासारखं केलं आणि चार दिवस लागतील म्हणाला.

मग गावानं बैल जुंपले. सहा जोड्या. मुक्ताबाईला आतच बसवून, कारण सासर जात असताना सुनेनं बाहेर असणं कुणाला पटेना, कातळवाडीच्या लोकांनी तिचं सासर दोरखंड लावून गावाबाहेर ओढायला सुरुवात केली. महिपती पुढं चाक धरून बसला आणि वाटेत कुणी नसताना भोंगा वाजवत राहिला. आत पाटा सरकला, वरवंटा पलंगाखाली गेला, टाक एकमेकांवर आपटून वाजत होते. मुक्ताबाईनं एका हातानं आमटीचं पातेलं धरलं आणि दुसऱ्या हातानं सासूला.

शिवेवर ओढा होता. पुढची चाकं ओढ्यापलीकडं चढली, आणि मोटार कातळात अशी अडकली की बारा बैलांनी गुडघे टेकले. पुढचा भाग पलीकडच्या गावात, मागचा कातळवाडीत. चूल शिवेबाहेर, दार शिवेच्या आत. मोठी चर्चा झाली. शेजारच्या गावचे दोघं भात झोडायचं टाकून आले आणि आमच्या हद्दीत सासर सोडताय तर आधी विचारायला नको का, म्हणून भांडू लागले. शेवटी आबांनी निकाल दिला. घर कुठलं, तर चूल जिथं असेल तिथलं. चूल बाहेर गेलीय. सासर बाहेर गेलं.

"कोंडा, गाडी जुप," आबा म्हणाले.

कोंडाजी हलला नाही.

"न्हाई जमायचं," तो म्हणाला. "सात वर्सं गेलतो, आबा. सात वर्सं रिकामी गाडी आणली. गावात शिरताना लोकं बगायची आन् मी बैलांकडं बगायचो. पुन्ना मी कुणाच्या दारात जायाचा न्हाई."

मुक्ताबाई दारात उभी राहून ऐकत होती. तिला वाटलं, आत्ताच्या आत्ता हे सगळं सोडून लोणावळ्याला चालत जावं. इतकी वर्षं तिनं स्वतःचं दुःख मोजलं होतं, परत जाणाऱ्या गाडीत कुणीतरी बसलेलं असतं हे तिच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं.

धोंडाबाईनं नवऱ्याच्या कानाशी लागून काहीतरी सांगितलं. काय ते कुणाला ऐकू आलं नाही. कोंडाजी उठला, घरी गेला, बैलांना घुंगरमाळा बांधल्या, गाडीत घोंगडी अंथरली आणि आपलं धुतलेलं पागोटं घालून शिवेवर आला.

महिपती पायरीवर बसला. यजमान म्हणून त्यानं गूळपाणी पुढं केलं. भोवती सगळं गाव उभं. कोंडाजीनं पाणी घेतलं, तोंड पुसलं आणि अकरा वर्षांत न उच्चारलेले शब्द उच्चारले.

"पाव्हणं, भणीला न्याया आलोय. चार दिस धाडा."

आता एवढंच म्हणायचं होतं की, न्या. पण महिपतीनं हे काम आयुष्यात कधी केलं नव्हतं. मुराळ्याशी बोलायची ती त्याची आई. तो आपला खांबाला टेकून ऐकायचा. मुराळी आला की काय बोलायचं असतं याचं एकच वाक्य त्याला येत होतं, आणि ते, गाव बघत असताना, मान ताठ करून, त्यानं आईच्याच सुरात म्हटलं.

"धाडली आसती हो. पण मागं घर कुणी बगायचं?"

बोलून झाल्यावर त्याला स्वतःला ऐकू आलं. त्याचा हात तोंडावर गेला. तसं न्हाई, तसं न्हाई, असं काहीतरी तो पुटपुटला, पण कोंडाजी तोवर उठला होता. तो रागावलासुद्धा नाही. त्यानं पाण्याचं भांडं पालथं ठेवलं, रामराम केला, बैलांची वेसण धरली, गाडी वळवली आणि खाली मान घालून त्यांच्यापुढं चालू लागला.

मुक्ताबाई चुलीपाशी होती. इतकी वर्षं ती समजत होती की ते वाक्य सासूचं आहे आणि सासूबरोबर जाईल. तिनं टाकाकडं पाहिलं. बिचारी चांदीची, गप्प. सासू त्यात नव्हतीच. ती बाहेर पायरीवर तोंडावर हात ठेवून बसली होती. आणि बाहेर घुंगरं वाजू लागली होती, लांब लांब जायला निघाली होती, अगदी तशीच.

तिनं पदर खोचला. दारात आली. महिपतीनं वर पाहिलं.

"मागं घर कुणी बगायचं?" ती म्हणाली. "तुमी."

आणि त्याच्या अंगावरून तिन्ही पायऱ्या उतरून ती गेली. गाडी सावकाश चालली होती. ती मागून आली, गाडीच्या साटीला धरलं, उडी मारून चढली आणि घोंगडीवर मांडी घालून बसली.

कोंडाजीला पत्ता नाही. तो पुढं, बैल मधे, ती मागं. साठसत्तर माणसं दोन्ही बाजूंनी चालत होती, सगळ्यांनी पाहिलं, आणि एकानंही त्याला सांगितलं नाही. एकानं रखमाजी आबांना हळूच विचारलं की हे रीतीत बसतं का. आबांनी थोडा विचार केला. मुराळी गेला, गाडी आली, बाई गाडीत आहे. धाडली का न धाडली ही बाप्यांची बोलणी, असं म्हणून त्यांनी त्याला गप्प केलं. मुक्ताबाई कापलेल्या भातखाचरांकडं बघत बसली होती. खाचरांपलीकडं ते थिजलेले डोंगर होते, पण आता तिचं तिकडं लक्ष नव्हतं.

दारात धोंडाबाई उभी होती, हातात भाकरीचा तुकडा आणि पाण्याचा तांब्या.

"ठिव आत," कोंडाजी बैल सोडता सोडता म्हणाला. "आटव्यांदाबी न्हाई धाडली."

"म्हागं बगा."

"काय बगायचंय? रिकामी गाडी लय येळा बगितलीया."

"दादा," मुक्ताबाई म्हणाली, "उतरू का?"

कोंडाजी वळला. त्यानं बहिणीला पाहिलं, आणि तो पंचावन्न वर्षांचा माणूस जुवावरच बसला आणि पागोट्याच्या शेवानं तोंड झाकून ढसाढसा रडला. बैलांना काही कळेना. धोंडाबाईनं तुकडा ओवाळून टाकला, नणंदेच्या पायांवर पाणी घातलं आणि हाताला धरून तिला आत नेलं.

महिपती तिकडं शिवेवर घर बघत बसला होता. कुणीतरी बसायला हवंच होतं, त्यानंच तसं सांगितलं होतं.

पाट मांडला. ताट आलं. नव्या तांदळाचा वाफाळता भात, वालाची आमटी, बाजूला लोणच्याची फोड. दारात, खिडकीत, ओसरीवर बायका दाटीवाटीनं उभ्या. मुक्ताबाईनं घास घेतला आणि सावकाश चावला.

"मीठ कमी हाय, वैनी," ती म्हणाली.

मीठ अगदी बेताचं होतं. पण अठरा वर्षं चुलीपुढं बसून हे वाक्य तिनं फक्त ऐकलं होतं, कधी कुणाला म्हटलं नव्हतं. ते तोंडातून गेल्यावर तिला रडू फुटलं, आणि रडता रडता तिनं दुसरा घास घेतला. धोंडाबाई हसत, डोळे पुशीत, मीठ आणायला आत धावली.